मागचा झरोका

रविवारी सकाळी आठला काम सुरू करायचं, असं दादाने शनिवारी सगळ्यांना फोन करून बजावलं होतं. त्यामुळे ताई आठला आली, धाकटा सव्वाआठला आला, आणि दादा दहाला उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वरच्या मजल्यावर तपासणीला आला. आयुष्यभर शाळा तपासत फिरलेल्या माणसाला काम दिसलं की ते करावंसं वाटत नाही, तपासावंसं वाटतं. निवृत्त झाल्यापासून तपासायला शाळा उरल्या नव्हत्या, म्हणून तो घरच्यांवर भागवत होता.

वरच्या दोन्ही खोल्या आठवडाभर सोललेल्या होत्या. गिलावा खरवडून काढलेला, छताच्या जुन्या फळ्या उतरवलेल्या, भिंतींच्या नुसत्या विटा आणि त्यांवर ठोकलेल्या उभ्या लाकडी पट्ट्या. पट्ट्यांमधल्या खणांत ग्लासवूल, म्हणजे ऊब धरणारी काचेची लोकर, बसवायची, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर बोर्ड, आणि राहिलेल्या फटींत फोम. एवढंच उरलं असताना भिंतवाला काम सोडून गेला होता. गुरुवारी दादाने त्याला हातोडी कशी धरावी ते समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, हातोडी पिशवीत टाकली, एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने चार ओळी खरडल्या, पुठ्ठा खिळ्याला अडकवला आणि जिना उतरून गेला.

पुठ्ठ्यावर लिहिलं होतं:

ग्लासवूल दाबु नये.
प्लॅस्टिक उबेच्या बाजूला.
पुढचा झरोका बुजवावा.
मागचा बुजवु नये, शेगडीचा आहे.

"'दाबू'तला बू ऱ्हस्व, 'बुजवू'तला वू ऱ्हस्व," दादा म्हणाला. "अशा लोकांच्या हाती आपण घर देतो."

"घर त्याच्या हाती होतं तोवर काम तरी होत होतं," ताई म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, रात्रपाळी करून थेट आली होती, आणि तिच्या तोंडाला मास्क असल्यामुळे दादाला तिचा चेहरा दिसत नव्हता, हे दोघांच्याही फायद्याचं होतं.

दोन खोल्यांपैकी मोठी, रस्त्यापासून परसापर्यंत आरपार गेलेली खोली आत्याची. बेचाळीस वर्षं ती तिथे राहिली होती. तीन आठवड्यांपूर्वी भिंती सोलायला घेतल्या तेव्हा तिला तात्पुरतं म्हणून जिन्याखालच्या खोलीत हलवलं होतं, जिथे पलंग मावतो आणि पलंगावर बसलं की डोकं जिन्याला लागतं. आता दादा 'तात्पुरतं' हा शब्द वापरेनासा झाला होता. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि नव्या जोडप्याला आरपार खोली हवी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हाती विस्तव द्यायचा नाही, असं त्याने कारण काढलं, कारण त्या खोलीत उबेला लोखंडी शेगडी होती. त्यावर ताई भांडली, दादा चिडला, आणि शेवटी ठरलं ते असं: खोली तयार झाली की आत्याने सगळ्यांसमक्ष स्वतः शेगडी पेटवायची आणि दार लावून अर्धा तास बसायचं. धूर झाला नाही तर खोली तिची. झाला तर शेगडी भंगारात आणि खोली मुलाची. बेचाळीस हिवाळे जी शेगडी तिने पेटवली, ती पेटवून दाखवण्याची परीक्षा. आत्या एवढंच म्हणाली होती, "घे बाबा परीक्षा. तुला दुसरं येतं काय?"

ताईच्या भांडणालाही अस्तर होतं. आत्या जिन्याखाली राहिली तर लोक विचारणार, भाची काय करते? भाचीकडे दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यात तिला एकटं राहायला फार आवडत होतं. आत्या आपल्या खोलीत सुखात राहावी असं ताईला मनापासून वाटत होतं, आणि ती खोली आपल्या घरापासून चांगली लांब आहे याचाही तिला मनापासून आनंद होता.

राहिला धाकटा. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. ब्रेक कधी दाबायचा, हे तो शहरभर सांगत फिरे. घरात मात्र त्याचा पाय कायम क्लचवर. शेवटी जो बोलेल त्याचं मत तेच धाकट्याचं मत.

आता या घराचं मागे आणि पुढे काय ते सांगायलाच हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आजोबांनी घर बांधलं तेव्हा गल्ली एका अंगाने जात होती आणि दार त्या गल्लीवर होतं. नंतर नगरपालिकेने गल्ली बंद केली आणि रस्ता घराच्या दुसऱ्या अंगाने काढला. दुसऱ्या कोणी मुकाट्याने मागचं ते पुढचं म्हटलं असतं. आजोबा म्हणाले, "रस्ता उलटा आलाय, घर नाही." मरेपर्यंत ते रस्त्यावरच्या दाराला मागचं दार म्हणत राहिले आणि बंद गल्लीच्या जागी झालेल्या परसाला अंगण. त्यांच्यामागे हा हट्ट सगळ्या वारसांना सारखा वाटून मिळाला, आणि तेवढ्या एकाच वाटणीत भांडण झालं नाही. तीन पिढ्या रस्त्याची बाजू मागची आणि परसाची बाजू पुढची. वहिनी, म्हणजे दादाची बायको, लग्न होऊन आली त्या दिवशी तिच्या माहेरच्यांनी सामान पुढच्या दाराशी, म्हणजे जगाच्या पुढच्या दाराशी, रस्त्यावर उतरवलं. सासरची मंडळी नटूनथटून परसात वाट बघत बसली. गाद्या तासभर पावसात भिजल्या. चूक सामान आणणाऱ्याची, असं तिला सांगण्यात आलं, आणि ती नवी होती म्हणून तिने ते ऐकून घेतलं.

धाकटा भिंतीशी गुडघा टेकून एका खणात ग्लासवूलचे दोन थर कोंबत होता. दाराशी पावलं वाजली. आत्या वर आली होती, हातात तिची कापडी पिशवी.

"दाबू नकोस रे," ती म्हणाली. "दाबला की मेला."

"कोण मेला?"

"कापूस. ऊब काय कापसात असते होय? कापसात अडकलेल्या हवेत असते. हवाच पिळून काढलीस तर राहिलं काय?"

आत्याने पस्तीस वर्षं गाद्यांच्या कारखान्यात काढली होती. तिच्या हाताखालून गेलेल्या गाद्यांवर अर्धं शहर झोपलं असेल. त्या पगारावर दादाचं शिक्षण झालं, हे दादाला माहीत होतं, आणि म्हणूनच गादी हा शब्द त्याच्या पुढ्यात कोणी काढलेला त्याला खपत नसे.

"आत्या, ही गादी नाहीये," तो म्हणाला. "यामागे सायन्स आहे. तू कशाला जिना चढलीस?"

"माझी खोली बघायला."

"पुठ्ठ्यावर पहिली ओळ तीच आहे," ताई म्हणाली. "दाबू नये."

"मला वाचता येतं. धाकट्या, दाबू नकोस."

"पण तूच म्हणालास ना, ठासून भर म्हणून!"

"ठासून म्हणजे नीट."

धाकट्याने एक थर उपसून काढला. आत्याने पुढे होऊन दुसरा थर दोन बोटांनी झटकला, कडा पट्टीला लावल्या, आणि तो खणात असा बसला की खण त्याच्यासाठीच केला होता असं वाटावं. मग दुसरा खण, मग तिसरा. दादा तिला खाली जा म्हणत राहिला आणि काम झपाट्याने पुढे सरकलं. दुपारपर्यंत सगळी लोकर बसली, प्लॅस्टिक ताणून टेप लागला, बोर्ड ठोकून झाले. दादाने या वेळात दोनदा चहा मागवला आणि एकदा टेप वाकडा आहे असं सांगितलं.

वहिनी चहाचे पेले घेऊन वर आली तेव्हा दादाने फोमचा डबा हातात घेतला होता. बोट दाबण्यापलीकडे त्यात काही करायचं नव्हतं, म्हणून ते काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं. त्याने सगळ्या फटी भरल्या आणि शेवटी शेगडीच्या बाजूला, परसाकडच्या भिंतीतल्या मुठीएवढ्या झरोक्यापाशी उकिडवा बसला.

"तो नको," आत्या म्हणाली. "तो शेगडीचा आहे."

"लिहिलंय काय? पुढचा बुजवावा. हा पुढचा."

"आपल्या भाषेत पुढचा. तो बिचारा जगाच्या भाषेत लिहून गेला. शेगडीचा झरोका शेगडीपाशी असेल की रस्त्यावर?"

"धूर जायला धुराडं आहे ना?"

"जायला आहे. यायला? विस्तवाला हवा नको? रस्त्याकडच्याचं बाहेरचं तोंड तुझ्या बापानेच लिंपून टाकलं. आत नुसता थंडीचा खड्डा उरलाय, म्हणून तो बुजव म्हणतोय भिंतवाला."

"लिंपलेलं नाही."

"मी सिमेंट कालवून दिलं होतं रे!"

दादा उठला नाही. "हे बघ. पहिल्याच दिवशी मी त्या माणसाला बसवून सांगितलंय, की या घरात रस्त्याची बाजू ती मागची. त्याने आपल्याच भाषेत लिहिलंय. आजोबांचा शब्द तूच मोडायचास का? त्यांची मुलगी ना तू?"

आजोबांचं नाव निघालं की या घरात माणसं खुळ्यासारखी गप्प होतात. आत्याने पिशवी काखेत घट्ट धरली. ताईने मोबाइल काढून भिंतवाल्याला लावला. रिंग वाजत राहिली, त्याने रविवारी या घराचा फोन न उचलण्याइतकं शहाणपण कमावलं होतं. धाकट्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आत्या म्हणते ते पटतंय." मग दादाने त्याच्याकडे पाहिलं. "पण पुठ्ठा म्हणजे शेवटी लेखी आहे," धाकटा म्हणाला.

वहिनी पेल्यांचा ट्रे धरून उभी होती. पहिल्या दिवशी दादा भिंतवाल्याला मागे-पुढे समजावत होता तेव्हाही ती अशीच चहा घेऊन उभी होती, आणि तिने ऐकलं होतं. भिंतवाला म्हणाला होता, "साहेब, घरात काय म्हणायचं ते म्हणा. मी लिहीन तेव्हा रस्ता पुढे आणि परस मागे. नाहीतर माझीच माणसं गोंधळतील." आणि दादा मान डोलावून म्हणाला होता, "हो, हो, तुमच्या पद्धतीने."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. फोमची नळी झरोक्याच्या तोंडाशी धरून तो थांबला होता. थांबणं अगदी थोडं, एक ओळ वाचायला लागतं तेवढं. बत्तीस वर्षांच्या संसारात ते थांबणं तिने खूप वेळा पाहिलं होतं. एखादी गोष्ट बरोबर कळल्यावर, ती न कळल्यासारखी करायची असली की तो असा थांबायचा. मग त्याने बोट दाबलं. पिवळा फोम फसफसत फुगला आणि झरोका दिसेनासा झाला.

वहिनीने ऐकलेलं स्वतःपाशीच ठेवलं. खोली तिच्याच मुलाला मिळणार होती. येणाऱ्या सुनेला तिने खिडक्यांची मापंसुद्धा कळवली होती. तिने ट्रे खाली ठेवला, आणि आपल्याला स्वतःची जरा शिसारी आली हे तिला कळलं. चहा मात्र तिने सगळ्यांना नीट दिला.

मग दादाची मेणबत्तीची चाचणी झाली. ही त्याने मोबाइलवर पाहिली होती. फटीतून वारा येत असेल तर ज्योत हलते. ज्योत सरळ, म्हणजे काम चोख. दार लावून, मेणबत्ती पुढे धरून तो सगळ्या कडांवरून फिरला आणि मागून चौघं फिरली. खिडकीपाशी ज्योत सरळ. छताच्या कोपऱ्यात सरळ. शेगडीच्या भिंतीशी सरळ. शेवटी रस्त्याकडच्या झरोक्यापाशी, जो उघडा ठेवला होता, तिथेही ज्योत काठीसारखी उभी.

"वा!" दादा म्हणाला. "तसूभर हलत नाही. याला म्हणतात काम."

"उघड्या झरोक्यापाशीही हलत नाही?" ताईने मास्क खाली ओढला. "दादा, अरे मग हवा येते कुठून?"

"येत नाहीच. तेच तर."

"म्हणजे आत्या म्हणाली तेच खरं. याला पलीकडे तोंड नाही. खोलीत हवा यायला वाटच नाही."

"ताई, ज्योत सरळ आहे."

"ज्योतीचं कौतुक पुरे! कोंडलेल्या खोलीत शेगडी पेटवलेली माणसं मी इस्पितळात पाहिलीयेत. धूर होतो तो बरा, माणूस खोकत बाहेर तरी पळतो. जो दिसत नाही तो वायू माणसाला झोपवतो. आम्ही नुसता कागद भरतो मग."

"अर्धा तास तर बसायचंय! आणि धूर झाला तर झाला, परीक्षा त्याचीच आहे. ठरलं तसं होईल. की आता तुला नको ती परीक्षा? तसं सांग, मग आत्याला घेऊन जा तुझ्याकडे."

ताईने मास्क पुन्हा वर ओढला. एवढी हुशार, इस्पितळ हलवून सोडणारी बाई, पण आपल्या दोन खोल्यांचा विषय निघाल्याबरोबर तिची वाचा बसली. धाकट्याने खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. बोर्डांना नवेपणाचा वास येत होता आणि खोलीत इतकी शांतता होती की रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा ऐकू येत नव्हत्या. काम खरंच चांगलं झालं होतं.

आत्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त हसू येत होतं. भावाची ही तीन मुलं. मोठ्याला तिने शिकवलं, मधलीला न्हाऊमाखू घातलं, धाकट्याला बोट धरून चालायला लावलं, आणि तिघांत मिळून एक माणूसही नीट झाला नव्हता. तिने शेगडीपुढे स्टूल ओढलं, बसली, आणि काटक्या रचायला लागली. धूर झाला तर खोली गेली, आणि नाही झाला तर बहुधा आपण गेलो, हे तिला स्वच्छ कळत होतं. जिन्याखाली मात्र ती जाणार नव्हती.

"दार लावून घ्या मग," ती म्हणाली.

दादा, ताई, धाकटा दाराकडे निघाले. वहिनी आधीच दारापाशी होती. तिने दार ओढलं, पण सगळे बाहेर पडायच्या आत, आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"तुम्ही बसा ना सोबत," ती दादाला म्हणाली.

"मी?"

"धूर झाला की नाही, बघायला कोणीतरी हवं. बाहेरून कसं कळणार? परीक्षा घेणाऱ्याने वर्गात बसायला नको?"

"मला ब्लडप्रेशर आहे."

"ज्योत सरळ आहे की." वहिनीने दुसरं स्टूल उचलून आत्याच्या शेजारी ठेवलं. "अर्धाच तास. आम्ही दाराला बाहेरून टेप लावतो, म्हणजे तिथूनही वारा शिरायला नको. काम कसं चोख झालं पाहिजे."

बत्तीस वर्षांत ती नवऱ्याशी एवढं सलग बोलली नव्हती. धाकट्याने वहिनीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि शेवटी वहिनी बोलली होती, म्हणून म्हणाला, "हो दादा. बरोबर आहे. बस तू."

दादा बसला. सगळे बघत होते, न बसून सांगणार काय? हातातली मेणबत्ती ताईकडे देऊन, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सावरून तो स्टुलावर टेकला. ताई आणि धाकटा बाहेर गेले, वहिनी दारात उभी राहिली. आत्याने काडी ओढली आणि हात काटक्यांकडे नेला. वहिनीने दार लोटायला घेतलं. फट अरुंद होत गेली, वीतभर, मग चार बोटं.

"थांब!" दादा उठला. स्टूल मागे पडलं. "पेटवू नकोस! आधी तो मागचा झरोका उघडा!"

त्याचं बोट शेगडीच्या भिंतीकडे होतं. परसाकडच्या.

काडी आत्याच्या बोटांपर्यंत जळत आली आणि तिने ती फुंकून विझवली. वहिनीने दार सताड उघडलं.

"मागचा?" धाकटा बाहेरून गोंधळून म्हणाला आणि त्याने रस्त्याकडच्या भिंतीकडे हात केला. "पण दादा, मागचा तर उघडाच आहे."

दादाचं बोट अजून तिथेच होतं. त्याने ते खाली घेतलं, पण आता उशीर झाला होता. ताईला कळलं. मग धाकट्यालाही कळलं, आणि त्याने खाली पाहिलं, कारण आपण भर दुपारी काय होऊ दिलं असतं हे त्याच्या डोक्यात शिरलं होतं. या घरात जन्मलेल्या माणसाने परसाला मागचं म्हटल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. जीव वाचवायची वेळ आली तेव्हा आजोबांचा शब्द दादाला सोडून पहिला पळाला.

"म्हणजे पुठ्ठा तुला नीट समजला होता," आत्या म्हणाली. "तुला दिलेलं शिक्षण वाया नाही गेलं माझं."

दादाने काहीतरी बोलायला सुरुवात केली, 'सायन्स' हा शब्द उच्चारला आणि सोडून दिला.

आत्याने पिशवीत हात घालून गादीची सुई काढली. हातभर लांबीची, टोकाला किंचित वाकलेली. ती पिशवी तिने सकाळपासून काखेतून काढली नव्हती. तिने सुई फोममध्ये खुपसली, फिरवली, ओढली. फोमचे पिवळे गोळे एकेक करून जमिनीवर पडले. शेवटचा गोळा निघाला तशी आत आलेल्या ताईच्या हातातली मेणबत्ती एका बाजूला झुकली आणि फडफडायला लागली. मग आत्याने दुसरी काडी ओढली. काटक्या पेटल्या, धूर सरळ धुराड्यात गेला, आणि शेगडीचं लोखंड तापताना करतं तो टिकटिक आवाज सुरू झाला.

"अर्धा तास लाव रे घड्याळ," आत्या धाकट्याला म्हणाली. "परीक्षा म्हणजे परीक्षा."

कोणी घड्याळ लावलं नाही. ताईने पडलेलं स्टूल उचललं आणि ती आत्याशेजारी बसली. दादा शर्टावरची न पडलेली धूळ झटकत उभा होता. जावं की थांबावं, हे त्याला कोणी सांगत नव्हतं, आणि न सांगता ठरवायची त्याला सवय नव्हती.

"आता बाकीच्यांनी खाली जा," आत्या म्हणाली. "आणि पुढचं दार ओढून घ्या. खालून जिन्यावर वारा येतोय."

कोणतं दार, असं कोणी विचारलं नाही. वहिनी खाली उतरली आणि रस्त्यावरचं दार लावून आली.